रक्तवाहिन्या ‘फुटतात’ म्हटलं तर काय बिघडलं?

खाडाखोड: आरोग्यविषयक लेखाचं भाषांतर करतेय. ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की पेशींतलं ‘एचआयएफ’ प्रथिन टिकून राहतं, ते ‘व्हीईजीएफ’चं (रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचं) जनुक चालू करतं आणि जवळच्या केशवाहिन्यांना फांद्या येतात. मी लिहिलं, ‘ऑक्सिजन कमी पडला की नव्या रक्तवाहिन्या फुटतात.’ संपादकांचा शेरा: ‘अहो, फुटल्या तर रक्तस्राव होईल!’ पालवी फुटते, मिसरूड फुटतं, मग रक्तवाहिनीनंच काय घोडं मारलंय?

जोडाक्षर: ‘वाहिनीजनन’ लिहा, प्रश्न मिटला.

उंटावरचा: वाहिनीजनन म्हणजे नवं टीव्ही चॅनेल. घाईत वाचलं तर वहिनी.

जोडाक्षर: थट्टा पुरे. परिभाषा पहिल्यांदा ऐकताना विचित्रच वाटते. तसा ‘स्फुट्’ धातूतच फुटणं आणि उमलणं दोन्ही आहे, पण वैद्यकात असली संदिग्धता चालत नाही.

रातपाळी: डॉक्टर या नात्याने सांगतो, वाक्य दोन्ही अर्थांनी खरं आहे. जुन्या मधुमेहात दृष्टिपटलाला ऑक्सिजन पुरेनासा होतो, नव्या वाहिन्या फुटतात, त्या इतक्या नाजूक असतात की मग खरोखरच फुटतात. तेच अंधत्वाचं एक कारण.

खाडाखोड: म्हणजे संपादकही बरोबर? वा!

उंटावरचा: ‘उगवतात’ करा.

रातपाळी: नको. उगवतं ते बीजातून. इथे असलेल्या केशवाहिनीच्या अस्तरातली एक पेशी पुढे सरते, व्हीईजीएफ जिकडे जास्त तिकडे वाट काढते, मागून बाकीच्या येतात. हा फुटवाच. गर्भात मुळारंभापासून वाहिन्या तयार होतात, ती वेगळी प्रक्रिया.

पानगळ: ‘फुटवा’ फार गोड वाटतो हो. कर्करोगाची गाठसुद्धा हेच करून स्वतःचा रक्तपुरवठा मिळवते, हे अमेरिकी शल्यविशारद फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं. तिथे ‘फुटवा’ म्हणवेल?

रातपाळी: तणालाही फुटवा येतोच की.

जोडाक्षर: मुळात ‘ऑक्सिजन’ कशाला? ‘प्राणवायू’ असताना?

उंटावरचा: प्राणवायू हा पंचप्राणांतला एक. अपान, व्यान, उदान, समान या भावंडांचं मग काय करायचं?

जोडाक्षर: ‘ऑक्सिजन’ तरी कुठे बरोबर आहे? त्याचा अर्थ ‘आम्ल करणारा’. सगळ्या आम्लांत तो असतो, हा रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचा गैरसमज. चुकीचं परकं नाव घेण्यापेक्षा आपलं बरं.

पानगळ: ‘एचआयएफ निर्माण होतं’ असं जास्त सोपं नाही का?

रातपाळी: सोपं, पण चूक. ते सतत तयार होतच असतं. ऑक्सिजन असेल तर त्यावर खूण होऊन काही मिनिटांत नष्ट केलं जातं, नसेल तर वाचतं. २०१९चं नोबेल याच उलगड्याला मिळालं. ‘टिकून राहतं’ हे क्रियापद कुणालाही बदलू देऊ नका.

उंटावरचा: धमनी ‘ध्मा’वरून, म्हणजे फुंकणे. ग्रीकांनाही धमन्यांतून हवा वाहते असं वाटायचं. तेव्हा प्राणवायूवाल्यांनी…

खाडाखोड: मंडळी, मजकूर संध्याकाळी द्यायचाय. ‘फुटवे येतात’ ठेवू का?

जोडाक्षर: आधी ‘धमनी’चं मिटू द्या. धातू ‘धम्’ आहे.