शब्दचर्चा: खेळाडू, पात्र की सोंग?

नांदेड (प्रश्न): 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या, टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन खेळायच्या खेळात प्लेयर आणि कॅरेक्टर वेगळे ठेवा, असं सांगतात. त्यांना खेळाडू आणि पात्र म्हणायचं का? आणि 'मेटागेमिंग'ला, म्हणजे कॅरेक्टरला ठाऊक नसलेलं प्लेयरनं खेळात वापरण्याला, काय म्हणता?

परभणी: नियम लिहून काढताना 'पात्र' चालेल. बोलताना 'सोंग' बरं, कारण सोंग म्हटलं की ते घेणारा वेगळा, हे कुणाला सांगावं लागत नाही. संदर्भ मात्र सांभाळा. खेळात सोंग घेणं म्हणजे भूमिका घेणं, पण 'झोपेचं सोंग घेणं' म्हणजे ढोंग.

पैठण: सोंगाला दुजोरा. नाथांच्या भारुडांत भवानीला रोडगा कबूल करणारी सून बोलते, विंचू चावलेला माणूस बोलतो, आणि शेवटी 'एका जनार्दनी' आलं की सोंगामागचा माणूस समोर येतो. टेबलावर अशी खूण नसते, गोंधळ तिथेच होतो.

लातूर: खूण आहे की, क्रियापदात! मुलगा 'जाई' नावाची चेटकीण खेळत असेल तर 'मी दार उघडते' हे जाईचं आणि 'मी फासा टाकतो' हे त्याचं. इंग्रजीत हे ऐकू येत नाही. अडतं ते भविष्यकाळात, 'उघडीन'ला लिंग नाही. तिथे, आणि खेळाडू नि सोंग दोघं एकाच लिंगाचे असतील तिथे, नाव घेऊन बोलावं: 'जाई दार उघडते'. डीएमनंही (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) सोंगाला 'जाई, काय करायलीस?' आणि खेळाडूला 'काय करायलास?' असं विचारावं. दोन-तीन बैठकांत सवय लागते.

बीड: मेटागेमिंगसाठी 'अधिखेळ' वगैरे घडवू नका, कुणी वापरणार नाही. 'बाहेरची माहिती' म्हणा, आणि ती वापरली तर 'घुसवली'.

नेहमीचं उदाहरण ट्रोल या राक्षसाचं. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत ट्रोलला त्याच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला १० हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचे गुण) परत मिळतात. आग किंवा आम्ल लागलं असेल तर त्या पाळीला मिळत नाहीत. खेळाडूनं हे वाचलेलं असतं. सोंगानं ट्रोल जन्मात पाहिलेला नसतो, तरी पहिल्याच फेरीत मशाल पुढे येते! अशा वेळी डीएमनं 'नाही' म्हणून भांडण ओढवू नये, बुद्धीचा फासा मागावा. मध्यम अवघड म्हणजे फासा आणि बुद्धीची भर मिळून १५. सोंगाची बुद्धी ८ असेल तर −१, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १६ किंवा वर पडायला हवं, शक्यता २५ टक्के. बुद्धी १६ असेल तर +३, मग १२ पुरतात, ४५ टक्के. फासा हुकला तर मशाल नंतर पेटवा, जखमा भरताना एकदा डोळ्यांनी दिसल्यावर.

परभणी: उलटी बाजूही आहे. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, बुद्धीचंही येत नाही. १८ बुद्धीचा जादूगार खेळणारा आपल्यासारखाच असतो. त्याला कोडं सुटलं नाही तर फासा घेऊन डीएमनं एक धागा द्यावा. आणि बाहेरची माहिती दरवेळी वाईट नसते. अनोळखी चौघांबरोबर गुहेत कोण जाईल? तरी सोंग जातं, कारण खेळ पुढे न्यायचाय हे खेळाडूला ठाऊक असतं. म्हणून दोष 'घुसवण्या'ला द्यावा, माहितीला नाही.

जालना: घुसवणं बरंचसं मांडणीमुळे होतं. सापळा शोधताना उघड्यावर ३ पडले की लगेच दुसरा म्हणतो, 'आता मी शोधतो.' तो फासा डीएमनं पडद्याआड टाकावा. गुप्त निरोप चिठ्ठीनं द्यायचा तर एकालाच देऊ नका, बाकीच्यांना वास लागतो. सगळ्यांना चिठ्ठ्या वाटा, निम्म्या कोऱ्या.

धाराशिव: एक शब्द राहिलाच. सोबत्यांचा माल चोरायचा आणि वर म्हणायचं, 'मी काय करू, माझं पात्रच चोर आहे.' याला 'पात्राआडून खेळणं' म्हणावं. चोर निवडला खेळाडूनं, कुणाचा खिसा कापायचा तेही त्यानंच ठरवलं. पहिल्या बैठकीआधीच ठरवून घ्या: आपसांत चोरी आणि मारामारी चालेल की नाही.

नांदेड: आणि खेळ संपल्यावरही राग राहतो, त्याला? 'अंगात येणं'?

धाराशिव: अंगात येणं खेळ चालू असतानाचं, तेही थट्टेनं. नॉर्डिक लार्पवाले (टेबल सोडून, प्रत्यक्ष वावरून भूमिका खेळणारे) ज्याला 'ब्लीड' म्हणतात, त्याला 'पाझर' चपखल बसतो. पाझर तलाव आपल्याकडे गावोगाव आहेत, समजवावं लागणार नाही. पाझर दोन्हीकडून असतो: घरचा राग सोंगात उतरतो, सोंगाचा अपमान माणसाला लागतो. बैठक संपली की फासे नि कागद उचला, दहा मिनिटं खऱ्या नावानं बोला, आणि घडलेलं सांगताना 'तू मला फसवलंस' न म्हणता 'जाईनं सरदाराला फसवलं' म्हणा.

लातूर: तिथे 'फसवलं'ला लिंग नाही, म्हणून नावं दोन्ही घ्यायचीच.