माकडहाडाचं दुखणं : कारण कसं सापडलं, उतार कशानं पडला?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींनी अनुभव लिहा. 'उशी घ्या, बरं होतंय' एवढ्यावर थांबू नका. कारण कसं कळलं ते आधी सांगा.

वडगावहून
मी मागावर बसणारा. बसलं की दुखायचं, उठताना तर कळ मस्तकात जायची. चालताना काहीच नाही. कमरेच्या एमआरआयमध्ये एक चकती जराशी सरकलेली दिसली आणि सगळे तिच्याच मागे लागले. दुसऱ्या डॉक्टरांनी बोटानं नेमकी जागा दाबून बघितली, मग बाजूनं दोन एक्स-रे काढायला लावले: एक उभ्यानं, एक बसून. बसल्यावर हाड गरजेपेक्षा जास्त वाकत होतं. उभ्याच्या फोटोत सगळं सरळ की हो! मागं खाच असलेली उतरती उशी, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून तिथंच स्टेरॉइडचं इंजेक्शन. मधे भोक असलेल्या गोल उशीनं मला काडीचा फरक पडला नाही.

खानापूरहून
माझं बाळंतपणानंतर सुरू झालं. घरात सगळ्यांचं एकच, 'वारं शिरलंय, शेक घे.' शेकानं बरं वाटायचं, पण तेवढ्यापुरतंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ बाहेर येताना हे हाड मागं ढकललं जातं, कधी दुखावतंय. कुशीवर पडून पाजायला सांगितलं. फिजिओथेरपीत कळलं की ओटीपोटाच्या तळचे स्नायू मी सतत आवळून धरत होते. ते सैल सोडायला शिकणं, हेच खरं औषध ठरलं.

निपाणीहून
आई विड्या वळते, सूप मांडीवर घेऊन दिवसभर. अधूनमधून उठायला सांगितलंय, पण मजुरी हजार विड्यांमागं मिळते, उठणार कधी? बद्धकोष्ठ मोडल्यावर मात्र निम्मं दुखणं गेलं. कुंथण्याचा ताण तिथंच येतो.

चोर्ला घाटात गाडी चालवणारा
माझं हाडाचं नव्हतंच. वर सूज आली, मग पू. केस आत शिरून झालेलं नाडीव्रण, म्हणजे कातडीखालची पू भरलेली नळी, निघालं. सर्जन म्हणाले, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांत याला जीपचा आजार म्हणत. ऑपरेशन झालं. तेव्हा आधी आरशात बघा, नाहीतर घरच्यांना बघायला लावा. लाज कसली?

चिकोडीहून
ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन उतरणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यातलं काही असलं तर उशी शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा. आमच्या भावजींना आता हाड काढायचं सुचवलंय. इंजेक्शनं, व्यायाम सगळं झालं. कुणी काढून घेतलंय काय? जखम भरायला किती त्रास झाला, तेवढं लिहा.