इंजिन ऑइलमधलं लोखंड वरखाली होतंय, ट्रेंड कसा वाचायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फायटर विमानांच्या मेंटेनन्समधे आहे (कुठलं विमान, कुठलं युनिट विचारू नका, सांगता येणार नाही). दोन महिन्यांपूर्वी इंजिन हेल्थ मॉनिटरिंग माझ्या गळ्यात पडलं, आधीचे साहेब बदली होऊन गेले आणि जाताना एक एक्सेल शीट देऊन गेले, त्यात ऑइल सॅम्पलचे (झिजलेल्या भागांचा धातू तेलात किती उतरलाय त्याचे) सगळे रिझल्ट टेल नंबरप्रमाणे, म्हणजे विमानाच्या नंबरप्रमाणे, भरलेत.

तर एका विमानाचं लोखंड ४ पीपीएम (दहा लाखांत ४ भाग) होतं ते ९ झालं, पुढच्या सॅम्पलला ५ आणि आता डायरेक्ट ११. क्रोमियम पण जरा हललंय, चांदी जागच्या जागी. व्हायब्रेशन, ईजीटी (एक्झॉस्ट गॅसचं तापमान) नॉर्मल. चिप प्लग (तेलातले लोखंडी कण पकडणारा चुंबकी प्लग) काढला तर टोकाला काळी लव, बोटात चोळली तर काजळीसारखी पसरते, टोचत काही नाही. लॅबवाले म्हणतात लिमिटच्या आत आहे, फ्लाइंगवाले म्हणतात मग विमान का अडवता, आणि इकडे माझ्या पोटात गोळा. नुसत्या चढावर इंजिन थांबवायचं का? आणि तो मधला ५ खरा धरायचा का?

प्रतिसाद १:
५ वर अजिबात जाऊ नका. टाकीत नऊ लिटर तेल १० पीपीएमचं असेल आणि वर एक लिटर नवं ओतलं की झाले ९, इंजिन काही सुधारलेलं नसतं. सॅम्पल टॉपअपच्या आधी आणि शटडाउननंतर तेल गरम असतानाच घ्यायचं, थंड झालं की कण तळाशी बसतात. लिमिट बघण्यापेक्षा १० तासांत किती चढलं ते बघा. बेअरिंगच्या एम५० स्टीलमधे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम दोन्ही साधारण ४ टक्के असतात, तेव्हा लॅबला मॉलिब्डेनमचा आकडा पण मागा. आणि शीट टेल नंबरवर?? इंजिन बदललं की काय करता?

प्रतिसाद २:
लव म्हणजे नेहमीची झीज, चकचकीत पापुद्रा दिसला तर मात्र हात थांबवा. अजून एक, स्पेक्ट्रोमीटरला (लॅबमधे पीपीएम मोजणारं यंत्र) ८-१० मायक्रॉनच्या वरचे कण नीट दिसतच नाहीत, त्यामुळे बेअरिंग सोलायला लागलं तरी पीपीएम शांत राहू शकतो. फिल्टर काढून धुवा, गाळ तपासायला पाठवा. तोवर प्रत्येक फ्लाइटनंतर सॅम्पल.

मूळ प्रश्नकर्ता:
इंजिनचे सिरियल नंबर शोधत बसलो होतो. ४ चा आकडा आधीच्या इंजिनचा निघाला, मधे इंजिन बदललंय आणि शीटमधे त्याची नोंदच नाही! आणि ५ वालं सॅम्पल दुसऱ्या दिवशी सकाळी टॉपअप झाल्यावर घेतलेलं, बाटलीवरचं लेबल तेलाने इतकं पुसलं होतं की वेळ वाचायला टॉर्च लागला. म्हणजे खरं तर ९ आणि ११ एवढेच दोन आकडे हातात आहेत. मॉलिब्डेनम मागवलंय, फिल्टर उद्या काढतोय, फ्लाइंगवाल्यांना दोन दिवस दम धरा म्हणून सांगितलंय.