मदत हवी आहे : जुन्या पुस्तकाची सुटलेली बांधणी

मंडळी, जळगावहून लिहितोय. आजोबांचं भजनांचं पुस्तक पुठ्ठ्यातून सुटलंय. जुजबंदी, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांची (जुजांची) दोऱ्याची शिवण, बरीचशी घट्ट आहे, फक्त मधल्या एका जुजाचा दोरा तुटून पानं बाहेर डोकावतात. पाठीवरचा सरस इथल्या उन्हाळ्यात वाळून भुग्यासारखा गळतो. सेलोटेप लावणार नाही, तिचे पिवळे डाग जात नाहीत. फेव्हिकॉलही नको, पुढे उकलायची वेळ आली तर कागदच फाटेल.

गव्हाच्या पिठाची खळ करून पाठीला मलमलची पट्टी लावावी म्हणतो. पण खळीवर कसर (कागद खाणारी कीड) येते. म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते जुन्या कागदाला बाधेल का? आणि सुटलेला जुज शिवायचा तो खळ लावण्याआधीच ना? आई रोज संध्याकाळी यातूनच भजनं म्हणते. स्वतः बांधणी केलेल्यांनी कृपया सांगा.