धोटा आपोआप चालायला लागला, मग फुरसत कुठं गेली?

पूर्वभागकर:
आमचे अप्पा सोलापुरात टॉवेलच्या यंत्रमागावर एकोणतीस वर्षं होते, बहुतेक रात्रपाळीला. मी तिथल्याच एका कारखान्यात हिशेब लिहितो आणि रात्री ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल वाचतो (बायको म्हणते, पगार वाढणार आहे का त्यानं?).

त्याच्या 'निकोमाखियन एथिक्स' या नीतीवरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागापर्यंत माणूस एकदम आपला वाटला. घरं बांधून बांधून गवंडी होतो, तसं न्यायानं वागून वागूनच माणूस न्यायी होतो, म्हणतो. अप्पा डोळ्यांसमोर आले. आठ मागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचा धागा तुटला ते त्यांना पाठमोऱ्यानं कळायचं. कापडात डाग पडला तर घडीत दडवायचे नाहीत, स्वतः उलगडून दाखवायचे. मजुरी कापली जायची. आई चिडायची.

मग त्याचंच राज्यव्यवस्थेवरचं 'पॉलिटिक्स' उघडलं. तिसऱ्या भागात हाच गृहस्थ म्हणतो की कारागिराचं, मजुराचं जिणं जगणाऱ्याला सद्गुण आचरता येत नाही, उत्तम नगरराज्य त्याला नागरिक करणार नाही. आता सांगा, डाग उलगडून दाखवणं हा सद्गुण नाही तर काय?

निवृत्त_मास्तर:
राग रास्त आहे, पण कारण बघा. त्याचा सगळा भर 'स्खोले'वर, म्हणजे फुरसतीवर आहे. फुरसत म्हणजे विश्रांती नव्हे. विश्रांती पुन्हा कामाला जुंपण्यासाठी असते. फुरसत हे स्वतःच साध्य. विचार करायला, राज्यकारभारात भाग घ्यायला ती लागते. सुट्टीच्या दिवशी तुमचे वडील झोपच काढत असणार, ती त्याच्या हिशेबात धरत नाहीत. गंमत म्हणजे तो स्वतः स्तागिरा नावाच्या परगावचा, वैद्याचा मुलगा. अथेन्समध्ये इ.स.पू. 335 च्या सुमारास लायसियम हे विद्यापीठ काढलं, पण तिथं तो परकाच, नागरिकत्व नाही.

बाळीवेसवाला:
मास्तर, फुरसत कुणाच्या जिवावर? गुलामांच्या. ते का नाही सांगत?

रातकिडा:
पूर्वभागकर, स्टोइक पंथाच्या ग्रीक तत्त्वज्ञांकडे या. पंथाचा संस्थापक झेनो, त्याचा शिष्य क्लिआन्थेस आधी मुष्टियोद्धा होता. रात्री बागांना पाणी शेंदायचा, दिवसा गुरूकडे शिकायचा. एवढा धडधाकट माणूस पोट कशावर भरतो म्हणून त्याला कोर्टात उभं केलं, तेव्हा बागवान आणि पीठवाली बाई साक्षीला आली, अशी कथा तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजेनिस लायर्टियसनं दिली आहे. झेनोनंतर पंथाचा प्रमुख हाच झाला. रात्रपाळीवाला!

पूर्वभागकर:
क्लिआन्थेस आवडला. पण तो शिकायला म्हणून पाणी ओढत होता. अप्पा आम्हाला शिकवायला. फरक आहे.

बाळीवेसवाला, गुलामांचं ॲरिस्टॉटलनंच लिहिलंय, 'पॉलिटिक्स'च्या पहिल्याच भागात. धोटे (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतात ते) आपोआप विणू लागले तर मालकांना गुलाम लागणार नाहीत, असं. धोटे! मी ते वाक्य तीनदा वाचलं. त्याला ते अशक्य वाटत होतं, आणि आमच्या घरामागं ते रात्रंदिवस चालू होतं. धोटा आपोआप पळायला लागला तर फुरसत यायला हवी होती ना? हातमागावर आजोबांकडं एक माग होता. अप्पांकडं आठ आले. फुरसत काही आली नाही, कानाला दडे मात्र बसले.

मास्तरांच्या व्याख्येत बसेल अशी फुरसत मी अप्पांच्या आयुष्यात एकच पाहिली. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागं बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घालून चालायचे तेव्हा. कुणाशी बोलायचे नाहीत. थकायचेही नाहीत.

निवृत्त_मास्तर:
वडील आहेत का अजून? त्यांनाच विचारा ना.

पूर्वभागकर:
विचारलं काल. "अप्पा, तुम्ही सुखी होता का?" ऐकू कमी येतं, दोनदा ओरडून विचारावं लागलं. शेंगाची चटणी भाकरीवर पसरत म्हणाले, "कुठल्या पाळीचं विचारतोस?"