स्मॉलव्हिल : दहाव्या सीझनची बाजू

'स्मॉलव्हिल' ही तरुण सुपरमॅनची, म्हणजे क्लार्क केंटची अमेरिकन मालिका. 'खलनायक लेक्स लूथर गेल्यावर, सातव्या सीझनलाच ती संपायला हवी होती' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. त्या वर्षी गफ आणि मिलर हे मूळ निर्माते बाहेर पडले, लेक्स साकारणारा मायकेल रोझेनबॉमही गेला. आठव्या सीझनमध्ये मालिका चाचपडत होती हे मान्य. पण म्हणून दहावा सीझन (२०१०-११) निकालात काढू नका.

क्लार्क आपल्या अचाट शक्तींचं गुपित प्रेयसी लोइसला स्वतः सांगतो आणि दोघांचं नातं एकदम मोकळं होतं. आधीची प्रेयसी लाना हिच्या वेळचं ते वर्षानुवर्षांचं लपवणं, रुसणं, पुन्हा लपवणं आठवून बघा! लोइस झालेल्या एरिका ड्युरन्सने हा सीझन अक्षरशः तोलून धरलाय. 'होमकमिंग' हा २००वा भाग तर मी आजही कुणालाही आवर्जून दाखवेन.

खरं दुखणं आहे ते १३ मे २०११च्या शेवटच्या भागाचं. डार्कसाइड या महाखलनायकाचं सावट वर्षभर वाढवत आणलं आणि क्लार्कच्या एका झेपेत तो खलास! त्याहून जास्त लागलं ते सुपरमॅनच्या पोशाखाचं. उडणं नाही, पोशाख नाही, हा नियम दहा वर्षं पाळला. मग नियम मोडायच्या दिवशी क्लार्क साकारणाऱ्या टॉम वेलिंगला पूर्ण पोशाखात जवळून, नीट दाखवायला काय हरकत होती? दिसली ती लांबची, संगणकावर रचलेली आकृती. ही नाराजी तेव्हाही अनेक चाहत्यांनी बोलून दाखवली होती, आणि ती रास्तच होती.

तरी जोनाथन आपल्या मुलाच्या, क्लार्कच्या, हातात तो पोशाख देतो, तिथे मला दरवेळी भरून येतं.