हातोडाफेक: कुणी केलीय, जवळून बघितलीय? अनुभव लिहा

रानजाई
काल भाचा मोबाईलवर जुनं महाभारत बघत होता, भीम आला आणि मला एकदम बाबा आठवले. टीव्हीवर भीम दिसला की ते दरवेळी सांगायचे, "हा आधी हॅमरवाला, मग भीम!" प्रवीणकुमार सोबती. पंजाबातल्या सरहालीचे, बीएसएफमध्ये होते. १९६६ ला किंग्स्टनच्या राष्ट्रकुलला हॅमरमध्ये रौप्य, त्याच वर्षी बँकॉक एशियाडला थाळीफेकीत सुवर्ण आणि हॅमरमध्ये ब्राँझ, मग १९६८ मेक्सिको, १९७२ म्युनिक, दोन्ही ऑलिंपिक. इतकं करून लोकांच्या लक्षात राहिली ती गदा, याचं बाबांना फार वाईट वाटायचं. २०२२ ला प्रवीणकुमार गेले तेव्हाही सगळीकडे 'भीम गेले' हेच. तुमच्यापैकी कुणी हॅमर टाकलाय का?

मैदानकर
टाकलाय, युनिव्हर्सिटीपर्यंत. आम्हाला कायम मैदानाच्या पार टोकाला आणि तेही बाकीची पोरं घरी गेल्यावर, कारण हॅमर म्हणजे वायरच्या टोकाला धातूचा गोळा, ती वायर तुटली तर गोळा कुठे जाईल सांगता येत नाही. ७.२६ किलो वजन, सात फुटांचं वर्तुळ आणि त्यात तीन नाहीतर चार गिरक्या. नवीन पोरं हातानं ओढायला बघतात, नाही हो, हात नुसते सैल लांब सोडायचे, सगळं काम पायाचं, डाव्या टाचेवर फिरायचं आणि उजवा पाय पटकन टेकवायचा. नजर गोळ्यावर ठेवली की चक्कर येत नाही. ग्लोव्ह घालूनसुद्धा बोटं सोलायची. सोव्हिएत युनियनच्या युरी सेदिखचा ८६.७४ मीटरचा जागतिक विक्रम १९८६ चा, अजून कुणी मोडला नाही, ज्याने एकदा तरी वर्तुळात पाय ठेवलाय त्यालाच कळेल ते काय आहे.

सुमन_का
आमच्या वेळी मुलींना हॅमर नव्हताच, मी गोळाफेक केली. ऑलिंपिकमध्ये बायकांचा हॅमर आला थेट २००० ला. सिडनीला पोलंडची कामिला स्कोलिमोव्स्का जिंकली, वय १७! बिचारी २००९ मध्ये गेली, २६ व्या वर्षी. कुकर लावलाय, नंतर येते

विस्तुलाकाठी
मी वॉर्सात असतो. पोलंडमध्ये कामिलाच्या स्मरणार्थ दरवर्षी स्पर्धा असते, २०१६ ला ती इथे वॉर्सात होती, ऑफिसातला मित्र घेऊन गेला होता. आनिता व्वोदार्चिकने त्या दिवशी ८२.९८ टाकला, जागतिक विक्रम, आणि ती कामिलाचाच ग्लोव्ह वापरते हे मित्राने शेजारी बसून सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला आनिताला आधी रौप्यच मिळालं होतं, पहिली आलेली डोपिंगमध्ये सापडली म्हणून काही वर्षांनी सुवर्ण, मग रिओ, मग टोकियो. सलग तीन.

चहाटळ
हीच ना ती, २०२२ मध्ये गाडी फोडणाऱ्या चोराला पळत जाऊन पकडणारी??

विस्तुलाकाठी
हो हो तीच 😄 चोर सापडला पण मांडीचा स्नायू गेला, ऑपरेशन, सगळा सीझन वाया.

चहाटळ
चोराचं नशीब की हातात हॅमर नव्हता

पंचगंगा
पोलंड म्हटलं की आम्हा कोल्हापूरकरांना वळिवडे. महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती तिथे, हजारो बायका-मुलं. आजी त्यांच्याबद्दल सांगायची, मंडईत यायच्या, भाजी घ्यायच्या, मोडकंतोडकं मराठी बोलायच्या.

रानजाई
अय्या पंचगंगा, माझं आजोळ तिथल्याच गांधीनगरला! वेगळा धागा काढ ना यावर

सुमन_का
आले. मैदानकर, नातीला हॅमर शिकायचाय, नववीत आहे. घरचे नको म्हणतात, हाताला लागेल म्हणून. मला तर फार आनंद झालाय.

मैदानकर
शिकू द्या काकू! १८ वर्षांखालच्या मुलींचा ३ किलोचा असतो, आणि सुरुवातीला गोळा न लावता नुसत्या गिरक्या करायला सांगा, महिनाभर कंटाळा येईल पण तेच पुढे कामी येतं. प्रत्येक थ्रोच्या आधी वायर आणि हँडल बघायचं, वायर पिळलेली दिसली की फेकून द्यायची. आणि जाळी नसलेल्या मैदानावर अजिबात नाही, कोच कितीही म्हणाला तरी. गाव कुठलं तुमचं?

सुमन_का
सांगली

मैदानकर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, तिथले एक सर ओळखीचे आहेत.